वैशालीची नोकरी आणि आमचा नळ

सोमवार, ३१ मार्च

डॉक्टर म्हणाले, आजी, डोकं चालतं ठेवा, रोज काय झालं ते संध्याकाळी आठवून सांगत जा. मी म्हटलं, डोकं चालतंच आहे, थांबलेत ते पाय. त्यावर बोला. हसले, नि गोळ्या त्याच दिल्या. तर आता मी सांगते नि नातसून वैशाली लिहिते. मला अक्षर येत नाही, तिला मला थांबवता येत नाही. जमतंय.

आज तिला धुळ्याहून फोन. रक्त तपासायची लॅब आहे. मागच्या आठवड्यात तिथे जाऊन आली होती, दाताच्या डॉक्टरकडे जाते असं घरात सांगून. महिनाभर काम बघणार, जमलं तर ठेवणार. मला तेव्हाच कळलं होतं. दात दुखणारी बाई नवी साडी नेसून जात नाही.

संध्याकाळी आबा ओट्यावर पेपर घेऊन बसलेला. आबा म्हणजे माझा मुलगा. सगळी गल्ली आबा म्हणते म्हणून मीपण म्हणते. पेपर वाचून मला म्हणे, "माय, देशात बेकारी फार वाढली." वैशालीने नेमकी तीच वेळ साधली. "आबा, मला नोकरी लागली."

पेपर होता तिथेच राहिला. "कसाले?" एवढंच म्हणाला.

मंगळवार, १ एप्रिल

दिवसभर तेच. आबा म्हणे, आपल्या घरातल्या बायका कामाला जात नाहीत. लोकांचं रक्त काढायला धुळ्यापर्यंत कशाला, असं त्याला म्हणायचं असेल. घरात ती सोय आहेच.

वैशाली विचारते, हे लिहू का? लिही.

नितीन, म्हणजे माझा नातू, वैशालीचा नवरा, जळगावला डाळ मिलमध्ये आहे. तो म्हणाला, "जाऊ द्या ना तिला." असा पाठिंबा देऊन आंघोळीला गेला. बादली वैशालीनेच भरून दिली.

शोभा काही बोलली नाही. शोभा माझी सून, आबाची बायको. ती गप्प असते तेव्हा मनात घर मांडत असते. सकाळचा डबा कोण करणार, वैशालीच्या परीमागे कोण पळणार, धुणं, भांडी, दुपारचं दळण. आबाला फक्त नाही म्हणायचं असतं. बाकी सगळं हिलाच करावं लागतं. तिने नाही म्हटलं असतं तर मी वैशालीची बाजू घेतली नसती, खरं सांगते.

मी म्हटलं, परीला मी बघेन. तीन वर्षांची पोर, धावून धावून जाईल कुठे? आबा म्हणे, "हायवेवर." मी म्हटलं, मग तिला पदराला बांधेन. तुला नव्हतं का बांधलं?

ठरलं. महिनाभर जाऊ द्या, मग बघू.

सोमवार, ७ एप्रिल

आज आबा लिहितोय. वैशाली आली ती परीला कुशीत घेऊन झोपलीच. शोभाला वेळ नाही. उरला रिटायर माणूस. बाजार समितीत कारकुनी केली, अक्षर मोत्यासारखं. पण मी सांगते ते सगळं उतरवतो का, याचा मला संशय आहे.

(संशय निराधार आहे. — आबा)

हे मधेच काय लिहिलंस रे? वाचून दाखव.

असो. आमचं गाव हायवेवर, जळगाव आणि धुळ्याच्या मध्ये. सकाळी नितीन रस्त्याच्या अलीकडे उभा, जळगावच्या बससाठी. वैशाली पलीकडे, धुळ्याच्या. परीला घेऊन मी कोपऱ्यावर उभी होते. अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभे होते तसे दोघे दिसत होते, मध्ये फक्त कपाशीचे ट्रक. तिची बस आधी आली. नितीनने हात हलवला नि कोणी बघितलं का ते बघितलं.

गुरुवार, १० एप्रिल

"पानी उनं! पानी उनं!" सकाळीच गल्लीत ओरड.

आमच्या गल्लीत नळ आठवड्याने येतो, कधी त्याहून उशिरा. सांगून येत नाही, पण आला की त्याचा मान पहिला. चुलीवर दूध असो, अंगावर साबण असो, धावायचं. धार करंगळीएवढी, म्हणून मोटर लावायची. लावायची नसते, सगळे लावतात. (हे वाक्य मी लिहिलं, पण माझं मत नाही. — आबा) मग अंगणातली पाण्याची कुंडी, गच्चीवरची टाकी, ड्रम, हंडे, माठ. एकीने नळी या भांड्यातून त्या भांड्यात न्यायची, दुसरीने मोटर बघायची नि भरलेलं उचलायचं. एकटीचं काम नाही. शोभाचा गुडघा सुजलेला, माझ्याकडे आता चालू असलेलं फक्त तोंड.

शोभाने फोन लावला. वैशालीचा एक पाय बसच्या पायरीवर होता. उतरली, पळत आली, पदर खोचला. ती भरत होती तेव्हा आबा काय करत होता ते लिही.

पेपर वाचत होता. लिहिलं.

"मी ओरडून सांगितलं ना पाणी आलं म्हणून, तेही लिहायचं," म्हणतोय. लिही बाबा. ओरडलास.

शुक्रवार, ११ एप्रिल

लॅबच्या साहेबांनी विचारलं, पहिल्याच आठवड्यात दांडी? घरी काय झालं? वैशाली म्हणाली, "सर, नळ आला."

तिथे कोणी हसलं नाही. धुळ्यातही तीच कथा. साहेब म्हणाले, "नळ माझ्याही घरी येतो. पण माझ्या घरी मिसेस असते."

पुन्हा असं झालं तर दुसरी मुलगी बघणार. वैशालीने हे हसत हसत सांगितलं. मग भांडी घासायला बसली ती बराच वेळ एकच पातेलं घासत होती.

मंगळवार, १५ एप्रिल

सरकारी पाहणी करणारी पोरगी आली. हातात पाटीसारखं यंत्र. घरात कोण कोण काम करतं, विचारत होती. आबाने खुर्ची दिली नि सगळ्यांची उत्तरं स्वतःच दिली. "मी रिटायर. मुलगा मिलमध्ये. सून सध्या हौस म्हणून जाते. बायको काही करत नाही. आई तर बसूनच असते."

शोभा तेव्हा अंगणात बिबड्यांचा, म्हणजे वाळवणाच्या पापडांचा, घाटा घोटत होती. ज्वारीचा, एवढं मोठं पातेलं, चुलीची धग, नि घाम नाकाच्या टोकावरून टपकतोय. ती काही करत नव्हती. माझ्या पदराला परी बांधलेली, नि परी भिंगरीसारखी फिरतेय. मी बसूनच होते.

पोरगी माझ्याकडे वळली. "आजी, मागच्या आठवड्यात तुम्ही काम शोधलं का?"

मी म्हटलं, "मी लपले होते बाई. कामानेच मला शोधलं."

तिला काय दाबावं कळेना. मग मी विचारलं, तुझी नोकरी पक्की का? म्हणे, नाही आजी, कंत्राटी. पाहणी संपली की संपली. म्हणजे बेकार मोजून झाले की ही त्यांच्यातच. मी म्हटलं, मग तुझं नाव आत्ताच घालून ठेव, परत यायला नको. फार हसली. घरी पाणी कोण भरतं विचारलं, तर म्हणे, "सासूबाई. म्हणून तर दारोदार फिरता येतं."

शोभाने तिला वाटीभर गरम घाटा दिला, वर कच्चं तेल. खाल्ला नि पुढच्या घरी गेली. आबा दिवसभर खुशीत. सरकारने विचारलं म्हणे.

शनिवार, १९ एप्रिल

आज हसावं की रडावं.

पाणी उनं. वैशालीची बस केव्हाच गेलेली. शोभाने फोन हातात घेतला. मी बघत होते. नंबर काढला, थांबली, फोन खाली ठेवला. मग आत गेली नि आबाला म्हणाली, "उठा."

लग्न झाल्यापासून तिने त्याला पहिल्यांदा काम सांगितलं. आबा उठला! अंगात बनियन, एका हातात नळी, दुसऱ्या हातात पाना. पाना कशाला विचाराल तर, गल्लीला वाटावं की मोटर दुरुस्त करतोय. पाणी भरत नाहीये. मोटर चालू केली नि खुर्ची टाकून नळीचा मधला भाग धरून बसला, बैल धरतात तसा. शोभा गच्चीवर, टाकीचं झाकण उघडून वाट बघतेय.

आता आमच्या गल्लीतल्या बायकांची एक रीत आहे. ज्या घरी कार्य असेल त्या घरी शेजारणीने आपल्या मोटरीने आधी दोन ड्रम भरून द्यायचे. शेजारच्या सिंधूअक्काकडे उद्या पोरीची सुपारी. म्हणून शोभाने काल संध्याकाळीच नळीचं तोंड भिंतीवरून अक्काच्या हौदात टाकून ठेवलेलं. दोन ड्रमांपुरतं पाणी झालं की काढायचं. हे गल्लीतल्या बारक्या पोरींनाही माहीत. आबा या घरात जन्मला, त्याला माहीत नाही.

नळ असेपर्यंत तो नळी धरून बसला. गच्चीवरून शोभाची हाक मोटरीच्या आवाजात बुडाली, नि सुजलेला गुडघा घेऊन ती खाली येईपर्यंत नळ गेला. अक्काचा हौद भरला, वाहिला, सुपारीच्या मांडवाखाली चिखल झाला. आमच्या टाकीत एक थेंब नाही.

सिंधूअक्का भिंतीवरून म्हणे, "आबाभाऊ, असा शेजारी सात जन्म मिळो!"

(तांत्रिक चूक. — आबा)

रविवार, २० एप्रिल

माठात तांब्याभर. नितीन शेतातल्या विहिरीवरून मोटारसायकलवर कॅन आणतोय. परीची आंघोळ ओल्या फडक्याने.

दुपारी आबा म्हणाला, "बघा. सून घरात नसली की हे असं होतं."

शोभा म्हणाली, "सून नव्हती म्हणून नाही झालं. तुम्ही होता म्हणून झालं."

माझ्या अडकित्त्यातली सुपारी तशीच राहिली. नितीन हसला नि कॅन घेऊन पळाला. आबाने हे लिहायला नाही म्हटलं. मी म्हटलं, नको लिहू, मी उद्या सिंधूअक्काच्या पोराकडून लिहून घेते. मग लिहिलं.

वैशाली खाली मान घालून म्हणाली, "आई, मी सोडते नोकरी. तुमचे हाल होतात."

शोभा म्हणाली, "सोडून बघ. आजपर्यंत मी तुझी सासू झाले नव्हते. मग होईन."

मंगळवार, २२ एप्रिल

आज तालीम झाली. पाणी नाही, नुसती तालीम. शोभा खुर्चीवर, आबा अंगणात.

"समजा पाणी आलं," शोभा म्हणे. आबा नळी घेऊन धावला. "आधी नळीचं तोंड बघा कुठे आहे." बघितलं. "समजा कुंडी भरली. आता?" "टाकी." "आधी माठ! प्यायचं आधी!" पुन्हा पहिल्यापासून. कोरडी नळी घेऊन माणूस या भांड्यातून त्या भांड्यात. बाजार समितीत शिपायाला पाणी आणायला सांगायचा, तो हा.

सिंधूअक्काचा पप्पू रस्त्यावरून थांबून बघतोय. तिशीला टेकलेला, तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करतोय, पाच भरत्या झाल्या असतील. तो बेकार नाही. तयारीत आहे. म्हणून त्याच्या घरी त्याला कोणी नळी धर म्हणत नाही. "आबा, आग लागनी का कोठे?" विचारत होता.

आबा म्हणाला, "तू अभ्यास कर."

शुक्रवार, २५ एप्रिल

नितीन आज लवकर आला. मिलमध्ये डाळ निवडायची मशीन आली. डोळे असलेली मशीन म्हणे, काळा दाणा दिसला की फुंकर मारून उडवते. निवडायला बसणाऱ्या बायकांना घरी पाठवलं, मशीनवर दोन पोरं घेतली. त्या बायकांवर देखरेख करायला होता नितीन. आता देखरेख कुणावर करायची? मालक म्हणे, तू थांब, काम असेल तेव्हा बोलावू.

मी विचारलं, मशीन चहा पिते का? नाही म्हणे. सुट्टी मागते का? नाही. तिच्या घरी नळ येतो का?

नितीन हसला नाही. परीला खांद्यावर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेला नि आला, गेला नि आला.

आबाने आज पेपर उघडला नाही. लिहितानाही काही मधे घालत नाही. घाल की रे काहीतरी.

सोमवार, २८ एप्रिल

पाणी उनं, आबाने भरलं. बठ्ठं! माठ, हंडे, कुंडी, टाकी, ड्रम, परीचं खेळण्यातलं पातेलंसुद्धा. पाना हातात होताच. नंतर ओला होऊन ओट्यावर उभा राहिला, कोणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून. कोण म्हणणार? इतकी वर्षं शोभाला कोणी म्हटलंय?

शेवटी तिनेच चहा दिला. "नळी गुंडाळून ठेवा," म्हणाली.

बुधवार, ३० एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. वैशालीचं माहेर पाचोऱ्याला. लॅबला सुट्टी नाही, ती गेली नाही. तिच्या आईचा फोन आला, "आखाजीलेबी नही? अशी कशी नोकरी व माय?" वैशाली म्हणाली, लोक आखाजीलाही आजारी पडतात.

मी खापरावरचे मांडे केले असते, पण हात भरून येतात. शोभाने केले. वैशाली रात्रीच्या जेवणाला आली तेव्हा गार झालेले. तीन खाल्ले. परी झोक्यावरच झोपलेली, तिला तसंच उचलून आत नेलं.

गुरुवार, ८ मे

महिना झाला. वैशालीला ठेवलं! साहेबांनी एवढंच बजावलं, आयत्या वेळची सुट्टी चालणार नाही. एकदा झाली, खपली. आता झाली तर घरीच थांबा म्हणेन.

पेढे तिने आणले, वाटले आबाने. घरोघरी. "सून धुळ्याला लॅबमध्ये आहे, पक्की झाली." ऐकणाऱ्याला वाटावं लॅब यानेच बांधली. सिंधूअक्काकडे दोन पेढे जास्त दिले. हौद भरून दिला होताच, आता पेढे.

नितीनला या आठवड्यात मिलमधून दोनदाच बोलावलं. पेढा खाल्ला, गोड आहे म्हणाला. वैशालीने त्याच्याकडे बघितलं नि उरलेला अर्धा त्याच्या हातात दिला. घरात आता कोणी "हौस" म्हणत नाही.

आणखी एक. भडगावला लग्न आहे, चौदा तारखेला, शोभाच्या सख्ख्या बहिणीच्या पोरीचं. पत्रिकेत खाली छापलंय, सूत्रसंचालन, नि पुढे आबाचं नाव. लग्नात माइक हातात घेऊन आलेल्या पाहुण्यांची नावं पुकारायची, हे आबाचं जन्माचं सुख. त्याने पत्रिका मला तीनदा वाचून दाखवली. मला वाचता येत नाही, पण नाव कुठे आहे ते आता बोटाने दाखवता येतं.

शनिवार, १० मे

आबा आरशासमोर. हातात रवी, माइकसारखी धरलेली. "वधूपक्षाच्या वतीने आपले हार्दिक स्वागत." परी टाळ्या वाजवते. पांढरा शर्ट नि धोतर इस्त्रीला दिलं.

नळाची वाट. यायला हवा होता, आला नाही.

सोमवार, १२ मे

नाही आला.

शोभा दुपारी भडगावला गेली, हळदीसाठी. मावशीशिवाय हळद कशी लागणार? जाताना कुंडीत वाकून बघितलं.

मंगळवार, १३ मे

नळाचं पाणी सोडणारा सुपडू सकाळी दिसला. मी ओट्यावरूनच धरला. "काय रे सुपडू, नळ माहेरी गेला का?" तो म्हणे, "मोठमाय, पाइप फुटेल व्हता. सकाय नक्की. तुन्ही आन." सकाळ म्हणजे उद्याची.

कुंडी कोरडी. ड्रम वाजवून बघितले, ढोलासारखे वाजतात. शेतातल्या विहिरीनेही तळ गाठलाय. उद्याचं पाणी चुकलं तर पुढचं कधी, ते सुपडूलाही ठाऊक नाही. सिंधूअक्काला तिचंच भरायचंय, तिच्याकडे पाहुणे.

नितीनला उद्या मिलमधून बोलावलंय. हल्ली बोलावतात तेव्हा नाही म्हणता येत नाही. शोभा भडगावला. मी ही अशी. उरले दोघे. एकाची बस भडगावची, एकीची धुळ्याची.

संध्याकाळी वैशाली म्हणाली, "मी राहते घरी. आबांचं नाव पत्रिकेत छापलंय. सरांना सांगते, बघू काय म्हणतात." काय म्हणतील ते तिला माहीत आहे, मला माहीत आहे, नितीनला माहीत आहे. तो परीचे केस विंचरत होता, फणी तशीच धरून बसला.

आबा उठला. वही घेऊन आला, माझ्यासमोर बसला, सांग म्हणाला. मी सांगितलं, त्याने लिहिलं, इथपर्यंत. इस्त्रीचे कपडे खुंटीला टांगलेले आहेत, शर्टाच्या खिशात नावांची चिठ्ठी आत्ताच घालून ठेवलीय.

मी विचारलं, "काय रे, सकाळी कितीच्या बसने निघतोस?"

तो म्हणे, "थांब माय, आधी हे वाक्य पुरं होऊ दे."

वाक्य केव्हाचं पुरं झालंय. पेन टेकलेलंच आहे, नजर खुंटीवरच्या शर्टावरून गुंडाळलेल्या नळीकडे. वैशाली दारात उभी, साहेबांचा नंबर काढून, अंगठा वर धरलेला. मी तिला म्हटलं, जरा थांब गं पोरी, लावू नको अजून. आबा लिहितोय.